ज्या भाताला तुम्ही मढं म्हणालात

गुरुजी, परवाच्या बैठकीत मी तुमचं नाव पाटीवर येऊ दिलं नाही. पाटी अजून रंगवलेली नव्हती, पण रंगाऱ्याला सांगून झालं होतं आणि तुमचा फोटो तुमच्या घरून आला होता. गावात आम्ही बियाण्यांचं एक घर उघडतोय. शाळेमागची जुनी खोली दुरुस्त करून घेतली, उंदीर शिरू नयेत म्हणून दाराला खालून पत्रा ठोकला, आणि आजूबाजूच्या खोऱ्यांतून जमवलेलं जुन्या भातांचं, नाचणीचं, वरईचं, वालाचं बी तिथे ठेवायला सुरुवात केली. पाऊस रेंगाळला, विकतचं बियाणं वेळेवर आलं नाही, एखादं वाण बुडालं, तरी गावाकडे पेरायला आपलं काहीतरी असावं, एवढाच हेतू. या घराला तुमचं नाव द्यायचं सगळ्यांच्या मनात होतं. नावाखाली 'गावाला शेती शिकवणारे गुरुजी' असं लिहायचं ठरलं होतं. बियाण्यांच्या घरावर तुमचं नाव! ऐकून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

तुम्हाला जाऊन इतका काळ लोटलाय की शाळेतल्या आताच्या मुलांना तुमचं नाव एखाद्या रस्त्याच्या नावासारखं वाटतं. भांडायला तुम्ही समोर नाही याचा मला फार राग येतो. मी रोज डायरी लिहिते, पण हे डायरीत लिहून चालेना. डायरीत मी आज स्वतःची बाजू घेते आणि उद्या ती खोडते. हे तुमच्या तोंडावरच म्हणायला हवं होतं. लिहायला बसले तेव्हा एकेरीत सुरुवात केली होती. दोन ओळी झाल्यावर कागद फाडला. 'गुरुजींना अहो म्हणायचं' हे आईनं लहानपणी डोक्यात बसवलं, ते रागातही निघत नाही. म्हणून 'तुम्ही' लिहितेय. त्याला आदर समजू नका.

तुमच्याकडून मी शिकले, हे मी नाकारत नाही. दुखणं तेच आहे. तुम्ही बदलून आमच्या शाळेत आलात ते शेतीची पदविका घेऊन, आणि आल्या आल्या शाळेमागच्या पडीक तुकड्याचं खाचर केलंत. बाकीचे मास्तर धुळाक्षरं गिरवून घेत आणि चारच्या गाडीनं पौडला जात. तुम्ही धोतराचा काचा मारून आमच्याबरोबर चिखलात उतरायचात. भाताच्या राबात, म्हणजे जिथे रोपं तयार करतात त्या वाफ्यात, पाखड नावाचं गवत माजतं. कोवळेपणी ते हुबेहूब भातासारखं दिसतं. तुम्ही आम्हाला वाफ्याच्या कडेला उकिडवं बसवून एकेक रोप उपटायला लावलंत. "पानाकडं बघू नका," तुम्ही म्हणालात, "पान फसवतं. मुळाशी बघा. भाताच्या रोपाच्या मुळाशी त्याच्या दाण्याचं तूस चिकटलेलं असतं. तूस दिसलं तर भात म्हणा. नाही दिसलं तर गप बसा." मी एकही रोप चुकले नाही, म्हणून तुम्ही मला तुमचं स्वतःचं भिंग दिलंत. मुठीला तडा गेलेलं आहे ते, मी अजून वापरते. मला पहिल्यांदा कोणी काही दिलं असेल जे खाण्याचं किंवा नेसण्याचं नव्हतं, तर ते तुम्ही. असा माणूस वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

आता त्या हिवाळ्याचं. झोडणी नुकती उरकलेली, अंगणात अजून पेंढ्याचा वास आहे, आणि कार्यानुभवाच्या तासाला तुम्ही फर्मान काढता की प्रत्येकानं उद्या घरून ओंजळभर भात आणायचा. आमच्या पट्ट्यात, धरणाच्या फुगवट्याचं पाणी जिथे टेकतं त्या खोलगट खाचरांत, सगळे एकच भात लावायचे. त्याला धड नावसुद्धा नव्हतं. नुसता तांबडा. वरचं तूस काळपट, आत लाल दाणा, आणि गरवा, म्हणजे दिवाळी उलटल्यावर कापणीला येणारा. पाहुणे आले की आंबेमोहोर शिजायचा. तांबडा रोजचा, आमचा. गुडघाभर पाणी साचलं तरी तो उभा राहायचा, आणि सकाळी खाल्ला तर ऊन उतरेपर्यंत पोट आठवण करून द्यायचं नाही. तुम्ही गोणपाटाचे दोन तुकडे भिजवलेत. एकावर तालुक्याच्या गोदामातून आणलेलं सुधारित बियाणं मांडलंत, दुसऱ्यावर माझ्या ओंजळीतला तांबडा, कारण माझा स्वच्छ निवडलेला होता. मला केवढा अभिमान वाटला होता. गोणपाट गुंडाळून ओलं ठेवायचं काम मलाच दिलंत. काही दिवसांनी तुम्ही सगळ्यांसमोर गुंडाळ्या उलगडल्यात. सुधारित बियाण्याला पांढरे मोड आले होते, जसं काही कुणी कापसाचे धागे पेरलेत. माझा तांबडा जसाच्या तसा. ओला, फुगलेला आणि मुका.

तुम्ही ते तिथेच ठेवलं असतं, आणखी थांबून बघितलं असतं, तर मी हे पत्र लिहिलं नसतं. तुम्ही शाळेच्या ओसरीवर गाव बोलावलंत. दोन्ही गोणपाटं टेबलावर मांडलीत आणि उभे राहिलात. "हे जिवंत," तुम्ही म्हणालात, "आणि हे मढं. इतकी वर्षं तुम्ही मढं पेरताय." मग मागून बायकांतून माझी आई बोलली. आई कधी चारचौघांत बोलायची नाही, पण ते बी तिच्या कणगीतलं होतं. "मढं कसं आसंल, गुरुजी? दरसाली उगवतंया की." तुम्ही चिडला नाहीत. तुम्ही हसलात. "उगवतं हो ताई, पण किती? मुठी मुठी दाट फेकता, म्हणून मेलेलं कळत नाही. समोर दिसतंय ते बघा. का डोळे घरी ठेवून आलात?" सगळी ओसरी हसली. आईनं पदर तोंडाला लावला आणि तीही हसली. ती रडली असती तर चाललं असतं. ती तुमच्या विनोदाला हसली, हे मला आजही सहन होत नाही. एक म्हातारे म्हणाले, "गुरुजी म्हंत्यात तर आसंल बाबा. त्यांनी काय आपलं खाल्लंय व्हय?" आणि विषय मिटला.

मग बैलगाड्या फिरल्या. घरोघरच्या कणग्यांतून बियाण्याचा तांबडा निघाला आणि शाळेत आला, बदल्यात सुधारित बियाण्याच्या थैल्या गेल्या. जमलेल्या तांबड्याचं काय करायचं असं कोणीतरी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, मेलेलं बी राखून काय करणार, पोरांच्या पोटात तरी जाईल. गिरणीवर भरडून आणला. वर्ष संपताना शाळेत पंगत बसली. मोठ्या पातेल्यातला लालसर भात आणि वाटाण्याची आमटी. आमच्याकडे घरात कितीही तंगी असो, बियाण्याच्या कणगीला हात लावत नाहीत. 'बी खाल्लं' ही आमच्या बायकांची शिवी आहे, घर बुडवणाऱ्याला देतात. आणि तुम्ही गावभराचं बी गावच्याच पोरांना पत्रावळीवर वाढलंत, आग्रह करकरून. मी दोनदा मागून घेतला. गोड होता.

याच्यापुढचं आजवर मी कोणाला सांगितलं नव्हतं, परवाच्या बैठकीत पहिल्यांदा सांगितलं. पेरण्या झाल्या होत्या. शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते आणि पाणी भरायची पाळी माझी, म्हणून मी लवकर आले होते. पंगतीचा स्वयंपाक जिथे झाला त्या शेडच्या मागे तुम्ही वाकलेले होतात. गिरणीवर नेण्याआधी तिथेच पोती रिती केली होती, तिथेच बायकांनी भात पाखडला होता, म्हणजे दाणे सांडायचे तिथेच सांडले असणार. तुम्ही जमिनीतून हिरवं उपटत होतात आणि दगडी गडग्यापलीकडे फेकत होतात. घाईनं. चाहूल लागली तसे वळलात. मूठ भरलेली होती. माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "गवत माजलंय." मग म्हणालात, "तू वर्गात जा." मी गेले. तुम्ही हात धुऊन आलात आणि पाढे घेतलेत.

ज्याला तुम्ही मढं म्हणालात ते पाऊस पडताच आपोआप उगवून आलं होतं. न पेरता, न राखता, शेडमागच्या कचऱ्यात. तुम्ही ते पाहिलंत, आणि गावाला हाक मारायच्या ऐवजी उपटून टाकलंत. चूक कोणाचीही होते. पहिल्या चुकीबद्दल मी तुम्हाला कधीतरी माफ केलं असतं.

त्या चुकीचं नाव मला कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षी कळलं. सर सहज सांगून गेले, पुढच्या मुद्द्याकडे जाता जाता. काही जुन्या गरव्या भातांचं बी, विशेषतः लाल दाण्याचं, कापणीनंतर काही महिने झोपतं. त्याला सुप्तावस्था म्हणतात. ताजं बी भिजवलं तर ते उगवत नाही, आणि शिकाऊ माणूस त्याला मेलेलं समजतो. वर्ग हसला. मी वही मिटली. आमच्या गावात झोडणी झाल्या झाल्या बी भिजवून कोणी कधी बघितलंच नव्हतं. बी कणगीत जायचं ते ज्येष्ठातच बाहेर यायचं, तोवर त्याची झोप पुरी झालेली असायची. म्हणून गावाला ती झोप माहीत नव्हती, आईला माहीत नव्हती, आणि शेती शिकलेल्या तुम्हाला ती माहीत असायला हवी होती. तुमचं सुधारित बियाणं गोदामात वर्षभर पडलेलं होतं, ते केव्हाच जागं झालं होतं. झोपलेल्याला जाग्याशेजारी ठेवलंत आणि निकाल दिलात. सुट्टीत गावी येऊन मी तुम्हाला हे विचारलं असतं. पण तुम्ही त्याआधीच्या उन्हाळ्यात गेला होतात. तुमच्या अंत्ययात्रेला मी रडले होते. ते रडणं आता परत मागावंसं वाटतं.

खोटं लिहिणार नाही. सुधारित भातानं पहिली काही वर्षं कणग्या भरून दिल्या. आईनं त्याच भातावर माझी कॉलेजची फी भरली, म्हणजे तुम्हाला शिव्या द्यायचं शिक्षणही त्याच्यावरच झालं. आणि गावात बंगले आले, रिसॉर्ट आली, अर्ध्या खाचरांवर आता जलतरण तलाव आहेत, त्याचाही दोष मी तुमच्यावर टाकत नाही. माणसं तुमच्याशिवायही जमिनी विकायला शिकली असती. पण पाऊस बदलला, गुरुजी. आता तो दिवाळीपर्यंत जात नाही. मी नोकरी सोडून आईची खाचरं कसायला परत आले तेव्हापासून बघतेय, भात पिकून उभा असतो आणि वरून पाणी. तुमच्या त्या चलाख भाताला झोप ठाऊकच नाही. ओल लागली की लोंबीतच मोड येतात. गेल्या वर्षी मी बांधावर उभी होते आणि लोंब्यांतून हिरवे कोंब बाहेर आलेले, धान्य नाही आणि चाराही धड नाही. शेजारचे तात्या आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, "पोरी, पुढल्या साली राब भाजूच नगं. रोप हितंच तयार हाय." दोघंही हसलो. घरी जाऊन मी जेवले नाही. तांबडा असता तर त्या पावसात तो निवांत झोपून राहिला असता. ज्या गुणासाठी तो राखायचा, त्याच गुणापायी तुम्ही त्याला मढ्यात काढलंत. आज आम्ही त्याच्यासाठी खोरी धुंडाळतोय. वेल्ह्याकडे गेलो, घाट उतरून कोकणात पाहुण्यांना विचारलं. लाल भात मिळतात, पण आमचा नाही मिळत.

पाटीची गोष्ट निघाली तेव्हा फोटो आणायला मला पाठवलं, कारण तुमची मी लाडकी विद्यार्थिनी. तुमच्या पत्नी, आमच्या काकू, आता भूगावला मुलाकडे असतात. सहाव्या मजल्यावरच्या खिडकीतून त्यांना दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसते. कान गेलेत, डोकं शाबूत आहे. मी विषय काढला तसा त्यांचा चेहरा उजळला. "बियाण्याचं घर? अगं, त्यांना किती आनंद झाला असता! शेवटची काही वर्षं तेच वेड होतं त्यांना."

"कसलं वेड, काकू?"

"दिवाळीच्या सुमारास पिशवी घ्यायचे आणि जायचे धरणाच्या काठाकाठानं. कुणाच्या बांधावर, कुठं पाण्याच्या कडेला आपोआप उगवलेलं भाताचं ताट दिसलं की लोंबी खुडायची. मी म्हणायची, मासे तरी आणा, रोज काय गवत आणताय? मग दारात बसून एकेक दाणा हातावर चोळायचे आणि आत बघायचे. पांढरा निघाला की टाक कोंबड्यांना. आमच्या कोंबड्या काय माजल्या होत्या म्हणून सांगू!"

"कशासाठी शोधायचे ते? सांगितलं कधी?"

"कधी नाही. विचारलं की म्हणायचे, तुला कळायचं नाही. पुरुषांचं असतं ना तसं." आणि त्यांनी फोटो फडक्यानं पुसून माझ्या हातात दिला. "चांगल्या जागी लाव गं बाई. ऊन लागू देऊ नको."

खाली येऊन मी गाडीत नुसती बसून राहिले. दुसरी कुणी असती तर तिचा राग तिथे विरघळला असता. बिचारे गुरुजी, मनाला लागलं होतं त्यांच्या, शोधत होते. माझा राग तिथे दुप्पट झाला. शोधत होतात म्हणजे तुम्हाला माहीत होतं. लाल दाणा शोधत होतात, म्हणजे काय गेलं तेही नेमकं माहीत होतं. आणि तरी ज्या ओसरीवर गाव बोलावून मढं मढं म्हणालात, त्याच ओसरीवर पुन्हा गाव बोलावून 'माझं चुकलं, कुणाकडे तांबडा उरलाय का' एवढं विचारायला तुमची जीभ रेटली नाही. एकट्यानं पिशवी घेऊन फिरलात. कोंबड्यांना घातलंत. गावात तुमचा मान जसाच्या तसा राहिला, आणि आईला शेवटपर्यंत वाटत राहिलं की तिच्या हातचं बी मेलेलं होतं. ती गेली तेव्हाही तिचा तोच समज होता. मी झोपेचं सांगितलं ते तिला कधी पटलं नाही, तिच्या लेखी गुरुजींचाच शब्द खरा होता. तिला तरी सांगायचंत. चोरून, कानात सांगितलं असतं तरी चाललं असतं.

बैठक शाळेच्या ओसरीवरच झाली. आमच्या गटाचा अध्यक्ष माझ्याच वर्गातला. पाढे चुकला की तुम्ही ज्याला बाकावर उभं करायचात तो. आता पर्यटकांना खोल्या भाड्यानं देतो आणि तुमचं नाव घेताना कानाला हात लावतो. मी सगळं सांगितलं. गोणपाट, झोप, पंगत, शेडमागची सकाळ, काकूंची पिशवी. तो लाल झाला.

"आगं, मेलेल्या मान्साचं कशाला उकरतीस? त्यांच्या हातनं शिकलीस, त्यांच्यावरच उलटतीस व्हय?"

"त्यांच्या हातनं शिकले म्हणून बोलतेय."

"आन् ते श्येडमागचं? तू सोत्ता बघितलंस?"

"बघितलं."

"तुज्या डोळ्यानं? भातच उपटत व्हते?"

"माझ्या डोळ्यांनी. भातच होता."

तो खाली बसला. मग वरच्या वाडीचे आबा खाकरले. त्यांना आता धड उभं राहता येत नाही, बसूनच बोलले. "आमच्या वाडीनं समदं बी दिलं न्हवतं. थोडं ठिवलं व्हतं दाबून. पाच-सात वर्सं लपून लावत व्हतो की, वढ्याच्या पल्याड, कुणाला दिसू न्हाई म्हणून. गुरुजी हसत्याल ना! मढं पेरतोय म्हणत्याल. पोरं मोठी झाली, त्यांनाबी लाज वाटाय लागली. दिलं सोडून. मग ती जमीनच गेली बंगल्यात." कोणीतरी विचारलं, "मग आबा, बोलला न्हाईत कधी?" आबा म्हणाले, "इचारलं कुणी?"

तुम्ही धरणाच्या काठानं पिशवी घेऊन हिंडत होतात, गुरुजी, आणि तांबडा ओढ्यापलीकडे उभा होता. तुमच्या हसण्याला भिऊन लपला होता. तुम्ही एकदा खालमानेनं विचारलं असतंत तर आबांनी सूपभर आणून तुमच्या दारात ओतला असता. आज तो आमच्या त्या खोलीत असता. मला तुमच्या पश्चात्तापाचं काही सोयरसुतक नाही. पश्चात्ताप स्वतःपाशी ठेवला तर त्याचा कोंबड्यांपलीकडे कुणाला उपयोग नसतो.

पाटीवर नुसतं गावाचं नाव येणार असं ठरलं. आबा बोलले ते नंतर, ठराव त्याआधीच फिरला होता, मी सांगितलेल्या त्या शेडमागच्या सकाळमुळे. चूक झाली हे ऐकून लोक तुम्हाला सोडून देणार होते, मला ते तोंडांवर दिसत होतं. झाकलीत हे ऐकल्यावर सोडेनात. उठताना अध्यक्ष माझ्याकडे न बघता म्हणाला, "फोटो तूच परत नेऊन दे. म्या न्हाई जाणार." तो फोटो आता माझ्या खाटेशेजारी पिशवीत आहे. ऊन लागत नाही त्याला.

हे पत्र त्या फोटोच्या मागे, पुठ्ठ्याच्या आत सरकवून द्यावं असं आज दुपारी मनात आलं होतं, म्हणजे ते तुमच्या घरी तरी पोचलं असतं. पण काकू फोटो पुसताना मागची बाजूही पुसतात. तेव्हा ते माझ्या डायरीतच राहील. आणि डायरीत राहणार आहे तर त्यात एक गोष्ट मी लिहायलाच हवी, जी परवा ओसरीवर बोलले नाही आणि काकूंपुढेही बोलणार नाही. पाटीचा निर्णय मी फिरवणार नाही. आईला हसायला लावलंत, एवढं एक कारणही मला पुरेसं आहे. पण त्या सकाळी मी शेडच्या कोपऱ्याला होते, काखेत कळशी. तुमच्या मुठीतलं मला हिरवं दिसलं, पानं दिसली. त्या शेडमागे पाखड येत नाही, असं मला म्हणता यायला हवं होतं. म्हणता येत नाही, त्यानंतर दर वर्षी ते तिथे येतं, यंदाही आलंय, परवा बैठकीला जाताना मी ते तुडवून गेले. 'भातच होता' म्हणाले तेव्हा मुळाशी काय होतं हे मला कुणी विचारलं नाही. ओसरीवरच्या निम्म्या माणसांना ते विचारायचं तुम्हीच शिकवलं होतं आणि ती विसरली होती. मी विसरले नव्हते. मुळांना चिखलाचे गोळे होते, गुरुजी. तूस मला दिसलं नव्हतं.